मौनाच्या मोजणीची आणि एका खोट्या उलगड्याची हकीकत

श्रीवाग्देवता प्रसन्न. मनात उठलेला शब्द ओठाबाहेर येईतो मधली वाट जी राखते, तिचे स्मरण करून लिहिणे ऐसे जे, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, विद्येच्या राज्यात तिसऱ्या मजल्यावर मनोभाषेचा सुभा नांदत होता, आणि सुभ्यावर अरगडेबाई बहुत करड्या होत्या, आणि त्यांच्या पदरी कालिंदीबाई धायगुडे या तरुण संशोधक होत्या. सुभ्याचा रिवाज ऐसा की, माणसाच्या मनाचा ठाव घ्यावयाचा तर त्यास खरा हेतू आधी सांगू नये, कारण हेतू कळला की माणूस शहाण्यासारखा वागू लागतो आणि मोजणी नासते. म्हणोन प्रथम त्यास 'राजी आहेस?' ऐसे पुसावे आणि त्याने 'राजी' म्हणावे, मग माया करावी, म्हणजे भलतेच निमित्त सांगून प्रयोग करावा, आणि तो दाराबाहेर पडण्यापूर्वी उलगडा करावा, म्हणजे खरे काय ते सांगावे. मायेत खोटे चालेल, उलगड्यात चालणार नाही, हे अरगडेबाईंनी सर्वांकडून घोकून घेतले होते.

कालिंदीबाईंची मोहीम मौनावर होती. प्रश्न संपतो आणि उत्तर सुरू होते, यांच्यामध्ये जी बारीक फट राहते ती त्या मोजीत. त्यांचे म्हणणे ऐसे की, होकार उडी मारून येतो, आणि नकार उंबऱ्यात घुटमळतो, घसा साफ करतो, 'म्हणजे काय आहे ना' ऐसे पुटपुटतो, मग येतो. हे सिद्ध करावयास त्यांनी वसतिगृहातील मुलेमुली एकेक करून आवाजबंद कोठडीत बोलाविली, राजी पुसली, 'माईकची तपासणी आहे' ऐशी माया केली, आणि बोलता बोलता सहज पुसले, "रविवारी माझं कपाट वर चढवायला येशील?" आणि फट मोजली, आणि मग उलगडा केला की कपाटच नाही. याचा परिणाम ऐसा जाहला की, बाईंनी काहीही मागितले तरी लोक माईक शोधू लागले. जेवणघरात मीठ मागितले तर शेजारची पुसे, "उलगडा जेवणाआधी की नंतर?" एकदा ताप भरला आणि खोलीतल्या नसीमकडे गोळी मागितली, तर ती पलंगाखाली वाकून पाहू लागली आणि म्हणाली, "आधी सांग, काय मोजतेयस?" "ताप मोज," बाई म्हणाल्या, आणि कूस बदलून पडल्या. आणि खुद्द बाईंचाही जीव थाऱ्यावर नसे. चहावाल्यास उधारी पुसणारा, आईस फोनवर 'बरी आहेस ना?' म्हणणारा, सर्वांच्या बोलण्यातली फट त्यांस ऐकू येई, आणि एकदा ऐकू आली म्हणजे काढून टाकता येत नसे.

आता ध्वनियंत्राचे कारखानीस राघवेंद्र कुंभोजकर होते. काचेपलीकडे बसून, कानाला हेडफोन लावून, लोकांच्या आवाजाच्या लाटा पडद्यावर उतरवून देणे हे त्यांचे काम. बाईंशी दोन वर्षांची सोबत, आणि बाई चिडल्या म्हणजे ते न बोलता यंत्राची तार काढून पुन्हा लावीत, तेवढ्यात बाई निवत. त्यांस म्हैसुरास चाकरी लागली, आणि निरोपाचा दिवस उगवला. बाई सकाळपासून गच्चीत गेल्या, खाली आल्या, कागदाच्या टाचण्या सरळ करून पुन्हा वाकविल्या, आणि मग मनाचा हिय्या करून कोठडीत शिरल्या, तो राघवेंद्र तारा गुंडाळीत होते.

बाई म्हणाल्या, "राघव, एक विचारायचंय."

"विचार की."

"माझ्याशी लग्न करशील?"

राघवेंद्रांचा हात थांबला. त्यांनी यंत्राकडे पाहिले, दिवा विझलेला होता; मग छताकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि बोलले काही नाही. आणि बाईंनी मनात नसता मोजले. होकाराची हद्द गेली, घुटमळत्या नकाराची गेली, प्रबंधातील सर्वांत लांब नकाराचीही गेली, आणि अशा मौनाचा अर्थ त्यांच्याहून अधिक जाणणारे त्या राज्यात कोणी नव्हते. तेव्हा लाज राखावयास बाई हसल्या आणि म्हणाल्या, "प्रयोग होता. हा उलगडा."

"अच्छा," राघवेंद्र म्हणाले, "वाटलंच मला." आणि तारांचे वेटोळे खांद्यास लावून जिना उतरू लागले.

बाई कोठडीत उभ्या राहिल्या. तेथे भिंती आवाज गिळतात, म्हणोन आपल्याच छातीची धडधड कानी येते. नकार आला त्याचे दुःख होतेच, परंतु त्याहून वाईट हे की, उलगडा खोटा केला, आणि माणूस दाराबाहेर पडला की दुरुस्तीस वाव नाही. मग बाई धावल्या आणि तिसरा मजला उतरल्या आणि दुसरा उतरल्या, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर राघवेंद्र उलटे वर येत होते, त्यांच्यावर आदळता आदळता थांबल्या.

"उलगडा खोटा होता," बाई धापा टाकीत म्हणाल्या.

"तेच सांगायला वर येत होतो. तू राजी विचारली नव्हतीस."

"काय?"

"दोन वर्षं तुझा आवाज कानात घालून बसलोय. प्रयोग असला की तू आधी राजी विचारतेस. शिंक आली तर शिंकून विचारतेस, पण विचारतेस. खाली गेल्यावर ध्यानात आलं."

"मग तिथे गप्प का राहिलास?"

"उलगड्याची वाट बघत होतो. तुझ्या प्रश्नाला लगेच उत्तर दिलं की माणसाचं हसं होतं. पहिली चाचणी माझ्यावरच केलीस तेव्हा कपाटाला मी हो म्हणालो होतो, आठवतंय? उलगड्याआधी दोरीसुद्धा काढून ठेवली होती."

बाईंस हसू आले आणि रडूही आले, आणि त्यांनी नाक पुसून म्हटले, "राजी आहेस?"

"राजी. आता विचार."

"माझ्याशी लग्न—"

"हो."

तेथे यंत्र नव्हते, आणि असते तरी मोजण्यास फट नव्हती, कारण उत्तर प्रश्नाच्या अंगावरच चढले होते. पुढे बाईंनी ही हकीकत अरगडेबाईंस सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "अभिनंदन. म्हणजे लांब मौन हा नकारच, हे तुझं तिसरं प्रकरण पडलं. पुन्हा लिही." तेव्हा बाई त्याच दिवशी नवी मोजणी मांडावयास बसल्या.

येणेप्रमाणे मौनाच्या मोहिमेत सुभ्याचा कायदा राहिला, माणूस राहिला, आणि सिद्धांत गेला. प्रबंध एक वर्ष लांबला. म्हैसुराचा फोन आला की बाई आजही आधी फट ऐकतात, परंतु तिचा अर्थ लावण्याची घाई करीत नाहीत.