सुदामचे पंचेचाळीस किलो

आमचा सुदाम भेटला की आधी दंड पुढे करतो. माणसं जय भीम म्हणतात, तोही म्हणतो, पण हात जोडायच्या ऐवजी एक हात कोपरात वाकवतो, मूठ आवळतो आणि तुमच्या तोंडासमोर धरून म्हणतो, "दाबून बघ." मी पहिल्यांदा दाबून बघितलं तेव्हा बोटांना हाड लागलं. तसं सांगितलं. तो म्हणाला, "काकी, तू चुकीच्या जागी दाबलंस."

सुदाम माझा शेजारी. वय पन्नाशीच्या पुढे, उंची चांगली, पण अंगाने असा की दोरीवर वाळत घातलेला सदरा आणि सदरा घातलेला सुदाम यांतला फरक लांबून कळत नाही. गावाची पाण्याची टाकी त्याच्या ताब्यात आहे. नदीचं पाणी पंपाने टाकीत चढतं, सकाळी सुदाम टाकीखालचं चाक फिरवतो आणि मग आमच्या वाडीतल्या नळांना पाणी येतं. ग्रामपंचायत त्याला त्याचा पगार देते. बायको इंदू चार वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेली. मूलबाळ नाही. एकटा राहतो, एकटा रांधतो, आणि त्याचं कसं चाललंय हे कुणी विचारायच्या आत दंड पुढे करतो.

हे दंडाचं वेड कशामुळे लागलं ते सगळ्या वाडीला माहीत आहे. जयंतीच्या दिवशी आमच्या विहारात रक्तदानाचं शिबिर असतं. महाडहून डॉक्टर, सिस्टर येतात, खाटा मांडतात. वजन पंचेचाळीस किलोच्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. सुदामचं वजन बेचाळीस. एवढीच गोष्ट. वर्षानुवर्षं हा माणूस आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या नंबराला काट्यावर उभा राहायचा, डॉक्टर म्हणायचे काका, पुढच्या वर्षी बघू, आणि मग कुणीतरी त्याच्या हातात चहाची किटली द्यायचं. ज्यांनी रक्त दिलं त्यांना प्रमाणपत्र मिळतं. वाडीत एकही घर नाही जिथे भिंतीवर असलं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं नाही. एक सुदामचं घर सोडून.

मागच्या वर्षी त्याने अक्कल चालवली. वाण्याकडून दोन किलोचं एक आणि एक किलोचं एक, अशी लोखंडी वजनं मागून आणली आणि पँटच्या दोन खिशांत घातली. विहारापर्यंत एका अंगाला झुकत आला. काट्यावर चढला, काटा पंचेचाळीसला टेकला, आणि त्याच वेळी पँट खाली गेली. बायकांनी तोंडं फिरवली. मी नाही फिरवलं, या वयात काय फिरवायचं. डॉक्टरांनी वजनं उचलून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काका, यातून रक्त निघायचं नाही."

त्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, आता मसल वाढवणार. मी विचारलं, ते काय असतं? म्हणाला, "मांस काकी, मांस. चरबी नाय. खरं वजन. पुढच्या जयंतीला काटा खोटं बोलणार नाय."

दुसऱ्या दिवशी एसटीने महाडला गेला. तिथे एक व्यायामशाळा आहे, सगळीकडे आरसे लावलेली. मालकाने याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, मुलाचं नाव घालायचंय का? हा म्हणाला, माझंच. फी ऐकून तो परत निघाला, पण मालकाला दया आली असावी, त्याने खुराकाचा एक छापील कागद फुकट दिला. कागद इंग्रजी. वाडीतल्या शाळामास्तरांच्या मुलीने वाचून दाखवला. त्यात ओट्स होते, कसली कसली हिरवी भाजी होती, आणि कोंबडीच्या छातीचं मांस दिवसाला इतके ग्राम असं होतं. सुदाम कोंबडीवाल्याकडे जाऊन म्हणाला, फक्त छाती दे. कोंबडीवाल्याने विचारलं, बाकीच्या कोंबडीला मी काय सांगू?

मग अंड्यांवर आला. दिवसाला सहा अंडी उकडायचा. पांढरं खायचा आणि पिवळ्यात चरबी म्हणून ते टाकून द्यायचा. मी शिव्या घातल्या तेव्हा माझ्या मांजरीला घालायला लागला. दोन महिन्यांनी रेशन दुकानाच्या काट्यावर, तांदळाच्या दोन पोत्यांच्या मध्ये बसून त्याने वजन केलं. बेचाळीस आणि थोडं. खुराकाने कुणाचं वजन वाढलं असेल तर मांजरीचं. ती आता कुंपणावर चढत नाही.

खुराकाबरोबर व्यायाम हवा. तो त्याने सरकारी वेळेत सुरू केला. एक दिवस सकाळी नळाला पाणी आलं, हंडा लावेपर्यंत गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. नळ नुसता उचकी लागल्यासारखा करत होता. आठवडाभर असं चाललं. पाइप फुटला असेल म्हणून माणसं नदीपर्यंत बघून आली. शेवटी मी स्वतः टाकीवर गेले. सुदाम बनियनवर उभा होता, दोन्ही हातांनी ते लोखंडी चाक उघडत होता आणि बंद करत होता, तोंडाने आकडे मोजत. दहा झाले की थांबायचा, दम खायचा, पुन्हा दहा. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "तिसरा सेट हाय काकी, मधे बोलू नकोस." खाली अख्खी वाडी हंडे घेऊन त्याचे सेट भरत होती. मी सरपंचबाईंना सांगितलं. त्यांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की पुढे महिनाभर तो चाक दोन बोटांनी फिरवायचा.

मी त्याला म्हटलं, मी चाळीस वर्षं डोंगरातून लाकडाचे भारे आणले, त्याला कुणी सेट म्हटलं नाही. तो म्हणाला, "म्हणून तर तुझी जीभ एवढी मजबूत झाली."

मग घरीच वजनं बनवायचं ठरलं. माझी पहार मागायला आला. खड्डा खणायचा असेल म्हणून मी दिली. पहार म्हणजे चांगली जुनी, माझ्या नवऱ्याने लोहाराकडून करून घेतलेली. सुदामने रंगाचे दोन रिकामे डबे आणले, त्यांत सिमेंट कालवून भरलं, आणि पहारीचं एक टोक एका डब्यात, दुसरं टोक दुसऱ्यात रोवून ठेवलं. चार दिवसांनी मी पहार मागायला गेले तर पडवीत ते धूड पडलेलं. मी म्हटलं, माझी पहार काढून दे. तो म्हणाला, "काकी, उचलून ने. तुझीच हाय." एका डब्यात सिमेंट जास्त पडलं होतं, त्यामुळे उचललं की तो उजवीकडे कलंडायचा. आजही त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे. त्याला तो 'शेप' म्हणतो.

पावसाळ्यात आमच्याकडे वाल रुजवून उसळ करतात. सुदामने मोबाइलवर ऐकलं की कडधान्यात प्रोटीन असतं. झालं. वाडीत लग्न होतं, पंगतीत वालाची उसळ आली. वाढणाऱ्या बाईला हा म्हणतो, रस्सा नको, भात नको, नुसते वाल टाक. तिने टाकले. हा बोटाने मोजायला लागला. हळदीच्या मटणाला तर त्याने कळस केला. पातेल्याजवळ उभा राहून किती पीस म्हणजे किती ग्राम ते वाढप्याला समजावत होता. मागची रांग तटली. नवरीचा मामा येऊन म्हणाला, सुदाम, तू बॉडी कर, पण आमच्या पोरीच्या लग्नात नको.

त्याच्या पुतण्याने मुंबईहून पावडरीचा एक डबा आणला. चॉकलेटच्या वासाची पावडर. दुधातून घ्यायची होती, याने नाचणीच्या आंबिलीत घातली, आणि लवकर गुण यावा म्हणून दुप्पट घातली. तीन दिवस तो टाकीवर गेला नाही. मी चाक फिरवून पाणी सोडलं, एकाच सेटमध्ये. चौथ्या दिवशी बाहेर आला तेव्हा दीड किलो कमी भरला. मी म्हटलं, काय रे, मसल कुठे गेले? भिंतीला धरून म्हणाला, "रिकवरीत हायत."

हे सगळं सांगतेय ते हसू येतं म्हणून. पण एक कबूल करते. वर्षभर त्याने एक दिवस सोडला नाही. पहाटे त्याच्या पडवीत सिमेंटचे डबे जमिनीला टेकल्याचा आवाज यायचा, त्यावर मी उठायची. त्याने अंड्याचं पिवळंही खायला घेतलं, मांजर रुसली. भाकरी वाढली, सुकट वाढली, वाल, कुळीथ, चणे. फेब्रुवारीत रेशनच्या काट्याने चव्वेचाळीस दाखवले. मार्चमध्ये चव्वेचाळीस आणि अर्धा. तिथे येऊन काटा अडला तो अडलाच. तो रोज जायचा, दुकानदार रोज पोतं बाजूला सारून त्याला बसवायचा. सगळी वाडी म्हणायची, सुदामला भिंतीवर फ्रेम लावायची हौस आहे. मीही तेच म्हणायची. त्याच्या तोंडावर म्हणायची. तो दंड पुढे करायचा.

जयंतीच्या सकाळी त्याने चार केळी, सहा अंडी खाल्ली आणि तांब्याने पाणी पीत सुटला. मी मोजणं सोडून दिलं. मी विहारात लवकर गेले, खरं सांगायचं तर तमाशा बघायलाच गेले. तो पहिल्या नंबराला होता. डॉक्टरांनी आधी खिसे रिकामे करायला लावले. रुमाल निघाला, टाकीची किल्ली निघाली. काट्यावर चढला, श्वास आत ओढून उभा राहिला, जसं काही श्वासाचंही वजन धरतात. पंचेचाळीस आणि दोनशे ग्राम.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, यातले दोन किलो नळपाणी योजनेचे आहेत. सगळे हसले. तो हसला नाही. बोट टोचून घेतलं, खाटेवर आडवा झाला, बाही वर केली. त्या दिवशी त्याने कुणालाही दाबून बघ म्हटलं नाही.

सिस्टरने सांगितलं, काका, दुसरीकडे बघा, भीती वाटेल. तो पिशवीकडेच बघत राहिला. पिशवी निम्मी भरली तेव्हा त्याने विचारलं, "ताई, ही बाईमाणसाला देता येल काय?"

सिस्टर म्हणाली, "कुठल्या बाईला?"

"कुठल्यापण. बाळंतपणातली आली एखादी, तर."

ती म्हणाली की ते त्यांच्या हातात नसतं, ज्याला जुळेल आणि लागेल त्याला जातं. तो म्हणाला, "तसं नाय. आली तर, म्हणतोय." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाला, "इंदूच्या टायमाला मला काट्यावरून उतरवला होता ना, काकी."

मला आठवलं. आठवायला वेळ लागला, त्याची मला लाज वाटली. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. इंदूला सातव्या महिन्यात रक्त जायला लागलं, टेम्पोत घालून तिला महाडला नेलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रक्त लागेल म्हणाले. वाडीतले सहा बाप्ये रांगेत उभे राहिले आणि सहाही जणांनी दिलं. सुदाम सगळ्यांत पुढे होता. त्याला काट्यावर उभा केला आणि बाहेर बसवला. पोर गेलं, इंदू वाचली.

पुढे त्या सहा जणांनी त्याचा विनोद केला. लग्नात, पंगतीत, कुठेही इंदू काही बोलली की कुणीतरी म्हणायचं, वहिनी, माझी एक बाटली हाय तुझ्यात, जरा मानाने बोल. ती हसायची. आम्ही सगळे हसायचो. सुदामही हसायचा. ती जाईपर्यंत हा विनोद चालला. अर्ध्या वाडीचं रक्त तिच्या अंगात होतं आणि नवऱ्याचा एक थेंब नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी त्या घराच्या शेजारी राहते.

डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही, मला ते येत नाही. सिस्टरने सुई काढली, कापूस लावला, अर्धा तास पडून राहायला सांगितलं. मग विचारलं, घरी कोण आहे, आज यांच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. तो छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, मी आहे.

ऊन चढलं होतं तेव्हा आम्ही निघालो. विहारापासून घरापर्यंत चढ आहे. रोज तो चढ तो पळत चढतो, त्यालाही तो व्यायामच म्हणतो. आज दर दहा पावलांवर थांबत होता. आंब्याखाली तर चांगलाच टेकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकी, तुझ्यामुळे हळू चालायला लागतंय गो."

माझं वय चौऱ्याहत्तर आहे आणि तो चढ मी कधी थांबून चढलेले नाही. मी म्हटलं, "होय रे बाबा, गुडघे दुखतात." आणि त्याच्याशेजारी टेकले.