गंगाबाईंची तबकडी

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या घरी परातीएवढी एक काळी तबकडी आहे आणि तिच्यात तुमच्या आजीचं गाणं आहे. आजी तुमच्या जन्माआधीच गेली, आणि तबकडी वाजवायचं यंत्र घरात नाही. पोशीर गावच्या जयाचं १९७४ साली असंच झालं होतं. ती रोज तबकडीला कान लावायची. ऐकू यायच्या त्या फक्त आईच्या हाका.

एक दिवस दादरहून सबनीसांचं कार्ड आलं. जुन्या तबकड्या जमवणारे गृहस्थ. 'तुमच्या मातोश्री गंगाबाईंची तबकडी अतिशय दुर्मीळ आहे. रविवारी यंत्र घेऊन येतो, वाजवून बघतो आणि विकत घेतो.' विकत घेण्याचं जयाने वाचलंच नाही. यंत्र येणार, आजी एकदा तरी गाणार!

रविवारी सकाळी तिची आई हिरू तबकडीपुढे हळदकुंकू घेऊन बसली.

"अगं, रेकॉर्ड हाय ती," जयाचा बाप कोंडीराम म्हणाला.

"बैल इकला तवा त्याला लावलंत ना? मग सासूबाईंना काय कोरडंच धाडू?"

कुंकू काही चिकटेना. म्हणून हिरूने आधी खोबरेल चोळलं. मग कुंकू असं चिकटलं, की तबकडीच्या सगळ्या रेघा लाल झाल्या. पाहुण्यांपुढे असा अवतार कसा ठेवायचा? तिने चुलीवरचं कढत पाणी ओतलं. तबकडी होती लाखेची. ती पापडासारखी कडेने वर आली.

"दडपा तिला," शेजारचा गजा म्हणाला. "वर भाताचं पोतं ठेवा."

पोतं ठेवलं. तेवढ्याने भागेना म्हणून गजा स्वतः पोत्यावर बसला. खाली कट्‌ वाजलं.

"झाली बगा सपाट!" गजा म्हणाला.

सपाट झाली होती खरी, पण चार तुकड्यांत. जयाने ते फ्रॉकच्या ओच्यात घेतले आणि ती पडवीत जाऊन बसली.

दुपारी सबनीस आले. एका हातात यंत्राची पेटी, दुसऱ्या हातात मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी. कोंडीरामने मान खाली घालून तुकडे पुढे केले. सबनीसांनी ते मोजले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"वा! आजवर दोनच शिल्लक होत्या. एक तुमची, एक माझी. आता माझी एकच!" त्यांनी मखमल सोडून अगदी तशीच तबकडी दाखवली.

जया चटकन उठली. "काका, मग ती लावा ना!"

"लावायची? सुईनं रेघा झिजतात, बाळ. वीस वर्षांत एकदाही लावली नाही."

"मंग तिच्यातलं गाणं कसं हाय?"

"दुर्मीळ आहे," सबनीस म्हणाले.

"चला सायेब, हातपाय धुवा. च्या टाकलाय," कोंडीराम म्हणाला. सबनीसांनी तबकडी पेटीवर ठेवली आणि खुशीत शीळ घालत ते मागीलदारी गेले. कोंडीराम त्यांच्या हातावर पाणी घालू लागला.

जयाने हात फ्रॉकला पुसले. तबकडी उचलून पेटी उघडली. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात होती तशी बाजूची दांडी गरागरा फिरवली, तबकडी चढवली आणि सुई अलगद काठावर टेकवली.