लॉफ्टी पराडकर

घोडपदेवच्या आमच्या चाळीसमोरच्या गिरणीच्या चिमणीला 'लॉफ्टी' म्हणायचं की नाही, यावरून माझ्या बाबांनी पराडकरांशी दोन महिने अबोला धरला होता.

पराडकर म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतला सडाफटिंग. फोर्टात टायपिस्ट, उंची जेमतेम पाच फूट, आणि साऱ्या इंग्रजीत जीव या एका शब्दावर. बाबा कौतुकानं म्हणाले, "आमची चिमणी लॉफ्टी." झालं.

"अहो, उंच माणूस टॉल, उंच भिंत हाय. लॉफ्टी म्हणजे डोंगर, देवळाचं शिखर, मोठा विचार. बघताना मान वर जाते, तसं मनही वर गेलं पाहिजे. चिमणी बघून जातं तुमचं मन वर? भोंगा झाला की पोटात गोळा येतो."

बाबा त्याच गिरणीतले. त्यांना ते लागलं.

चाळीतल्या पोरांचे नोकरीचे अर्ज पराडकर फुकट टाइप करून द्यायचे. प्रत्येक अर्जदार 'लॉफ्टी कॅरेक्टर'चा. शेजारच्या गणूला नकार आला, तर म्हणाले, "त्या साहेबाला वापर कळला नाही."

मला हा माणूस पहिल्यापासून खटकायचा. संशय हा माझा जन्मजात आजार, दूधवाल्याचं मापसुद्धा मी वाकून बघते. त्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. पराडकर प्रत्येक सभेला हजर, पण तोंडातून घोषणा नाही. मागे उभे राहून वहीत लिहीत असायचे. एकदा ते नळावर गेलेले असताना खिडकीतली ती वही मी उघडली. आमच्याच पोरांची नावं, बापाचं नाव, खोली नंबर. तिसरं नाव माझ्या धाकट्या भावाचं, दत्तूचं.

"सीआयडी आहे मेला," मी आईला म्हटलं.

"तुला पुजारीसुद्धा सीआयडी वाटतो," आई म्हणाली.

आठवड्याभरात पोलिसांनी मोर्चातून दत्तूला उचललं. नुकता गिरणीत लागलेला, खाडे वाढले की नोकरी गेलीच. मग मी कशाला गप्प बसते? वहीची गोष्ट चाळभर केली. पराडकरांशी कुणी बोलेना. ते मान खाली घालून जिना उतरायचे.

तिसऱ्या दिवशी मी दत्तूचा डबा घेऊन चौकीवर गेले. हवालदार म्हणाला, "त्याचं जेवण झालं की. मामा रोज डबा देतात."

"आम्हाला मामा नाही. आईला भाऊच नाही."

"मग हे कोण?"

बाकावर पराडकर बसले होते, मांडीवर तीच वही आणि टाइप केलेले अर्ज.

"सात पोरांचे सख्खे मामा आहेत," हवालदार म्हणाला. "आमच्या साहेबांनाही संशय आलाय."

मी पराडकरांना बाहेर बोलावलं. तरीही विचारलंच, "वहीत नावं कशाला?"

"मोर्चाला कोण गेलं, कोण परतलं नाही, हे कळायला नको? बापाचं नाव, पत्ता नसला तर अर्ज करायचा कसा?" ते चाचरत म्हणाले. "आणि नातलगाशिवाय हे लोक दाद देत नाहीत. मला कुणीच नाही, म्हणून कुणाचाही होता येतं. रागावू नकोस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळभर केलेली बोंब परत कशी घ्यायची?

चौथ्या दिवशी दत्तू सुटला. अर्जातल्या 'लॉफ्टी'मुळेच सुटला, असं पराडकरांचं आजवर म्हणणं आहे. मी आईला सगळं सांगितलं. तिनं पाट मांडला, निरांजन लावलं आणि पराडकरांना बोलावून आणलं. दारं उघडी, अख्खी चाळ बघत होती.

"चौकीत मामा सांगितलंत ना? मग बसा पाटावर."

भाऊबीज चार महिने लांब होती. पराडकर अवघडून बसले. आईनं कुंकू लावलं, ओवाळलं.

"मला कुणी ओवाळलेलं नाही कधी," ते हळूच म्हणाले. "आता मी काय करायचं असतं?"

"काही नाही," आई म्हणाली. "दरवर्षी यायचं."