लेन्सची परीक्षा आणि एक जादा शोकसभा

वाचकहो, कमी पैशात चांगली लेन्स कशी निवडावी, या विषयावर मी कुणालाही मार्गदर्शन करू शकते. सोळा परीक्षणं वाचली, अठ्ठावीस व्हिडिओ पाहिले, वहीत रकाने आखले. डोकं शांत ठेवून पद्धतशीर काम केलं की माणूस फसत नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं!

आधी गरज सांगते. माझे बाबा एका दैनिकात फोटोग्राफर होते. तीन महिन्यांपूर्वी ते गेले. पंधरवड्याने त्यांच्या ऑफिसातून एक गृहस्थ आले, चहा प्यायले, डोळे पुसले आणि पावतीवर माझी सही घेऊन लेन्स परत घेऊन गेले. लेन्स ऑफिसची, कॅमेरा बाबांचा. तेव्हापासून तो कॅमेरा कवळी काढलेल्या माणसासारखा तोंड मिटून कपाटात बसला होता.

आई एका वृंदगान मंडळात गाते. दुसऱ्या रांगेत, डावीकडून पहिली. तीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला बाबा सभागृहाच्या अगदी मागे उभे राहून तिचा फोटो काढत. ते गेले आणि आईने गाणं थांबवलं. मंडळाच्या बाईंचे तीन फोन आले, तेव्हा ती "बघते" म्हणाली. आमच्या घरात "बघते" म्हणजे नाही. मग एका मंगळवारी काही न बोलता तिने चपला घातल्या आणि तालमीला गेली. कार्यक्रम सोमवारी होता. मी ठरवलं, मागे कुणीतरी कॅमेरा घेऊन उभं असलं पाहिजे. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढी जमून आलेली गोष्ट शब्दाने मोडेल, अशी मला भीती वाटत होती.

"अंतर लांब, उजेड कमी, फ्लॅशला बंदी," मी दुकानदाराला सांगितलं.

"म्हणजे फास्ट टेलिफोटो झूम. भरपूर उजेड आत घेणारी, लांबचं जवळ आणणारी. आणि बजेट?"

मी बजेट सांगितलं. त्याने सहानुभूतीने बसायला स्टूल पुढे केलं. मूळ कंपनीच्या नव्या लेन्सपैकी तेवढ्यात मला झाकण आणि पिशवी मिळाली असती.

"ताई, फास्ट पाहिजे, झूम पाहिजे, स्वस्त पाहिजे. यातली कुठलीही दोन निवडा."

"तिन्ही पाहिजेत."

शेवटी त्याने दोन लेन्स पुढे ठेवल्या. एक मूळ कंपनीची, पण वापरलेली; रंग उडालेला, कडेला पोचे. दुसरी कधी नाव न ऐकलेल्या कंपनीची, कोरी करकरीत. मी त्यांची नावं ठेवली म्हातारी आणि नवरी. माझं ओळखपत्र ठेवून घेऊन त्याने दोन्ही घरी नेऊ दिल्या. "रविवारी सहाच्या आत एक परत. सहाला शटर ओढतो, आणि सोमवारी दुकान बंद."

आता परीक्षा. सगळे तज्ज्ञ सांगतात, बारीक टायपाचा छापील कागद भिंतीवर लावा, लांबून फोटो काढा आणि कोपऱ्यातली अक्षरं वाचता येतात का बघा. सभागृहाचं अंतर मी मोजून आले होते, बत्तीस पावलं. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपासून फाटकाजवळची भिंतही साधारण तेवढीच. कागदाचा प्रश्नच नव्हता. बाबांची बातमी आली त्या दिवशीचे पंचवीस अंक ऑफिसने आपुलकीने पाठवले होते. ते कुणी उघडले नव्हते. बातमी तिसऱ्या पानावर होती, एवढं मला माहीत होतं. मी शेवटून दुसरं पान काढलं, छोट्या जाहिरातींचं. वरची कड नीट बसत नव्हती म्हणून मागे दुमडली आणि भिंतीला चिकटपट्टीने पान घट्ट लावून टाकलं. इमारतीच्या सगळ्या सूचना त्याच भिंतीवर लागतात, हे मला सुचलं नाही. मी टायपाचा आकार बघत होते!

दुपारी तीनला गॅलरीत ट्रायपॉडवर कॅमेरा लावला. आधी म्हातारी. मधली अक्षरं चांगली, कडेला जरा धुरकट. मग नवरी. मध्ये सुरेख. डावा कोपरा, 'जुनी कपाटं विकणे आहे', सुरेख. उजवा वरचा, सुरेख. उजवा खालचा कोपरा मोठा करून पाहिला तर तिथे बाबा होते.

मामाने कुटुंबातर्फे परस्पर निवेदन दिलं होतं. ते कुठल्या पानावर आलं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बाबांचा ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात ते फोटोग्राफर असूनही फोटो काढून घ्यायला घाबरल्यासारखे दिसतात. नवरीने त्यांच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रूही दाखवला. मी खुर्चीत बसले आणि बराच वेळ तिथून उठले नाही.

त्या वेळात फाटकातून कोण कोण आत आलं, याकडे माझं लक्ष नव्हतं.

साडेचारला दार वाजलं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, इस्त्रीचा शर्ट घालून, घडीची खुर्ची काखेत घेऊन उभे.

"मागच्या वेळी मी मुलीकडे होतो, यायचं राहून गेलं," ते म्हणाले. "खाली लावलंत ते बरं केलंत."

"काय लावलं?"

"निवेदन. शोकसभा, रविवार, सायंकाळी पाच, राहत्या घरी."

वाचकहो, तो दिवस रविवारच होता. आणि अंकाची तारीख वरच्या कडेबरोबर मी मागे दुमडली होती!

"काका, ते जुनं आहे. मी लेन्स तपासत—"

"समजतं, बाळ. माणूस अशा वेळी काहीतरी करत राहतो."

त्यांच्यामागून वायरलेस काकू आल्या. हे नाव त्यांना बाबांनीच दिलं होतं. त्यांना एक माणूस भेटला की इमारतीतल्या साठ जणांना बातमी कळते. "सगळ्यांना सांगितलंय गं, तू काही काळजी करू नकोस," त्या म्हणाल्या. तळमजल्यावरचे दंतवैद्य एका रुग्णाला निम्म्यात सोडून आले होते. तो रुग्णही आला होता, गालात कापूस धरून. बाबांना तो ओळखत नव्हता, पण सगळ्यांत दुःखी तोच दिसत होता.

मी घाबरले ते वेगळ्याच कारणाने. आई साडेपाचला तालमीहून येणार होती. पहिल्या शोकसभेच्या वेळी ती आतल्या खोलीत गेली होती, आणि कडी लावून शेवटचा माणूस जाईपर्यंत बाहेर आली नव्हती. नंतर आठ दिवस तिचा आवाजच ऐकला नाही मी. आता दारात पुन्हा तीच गर्दी दिसली असती, तर उद्याचं गाणं संपलंच!

"काका, थोडक्यात आटपूया," मी म्हटलं.

"अर्थात," हेडमास्तर म्हणाले, आणि थोडक्यात पंचवीस मिनिटं बोलले. मग सगळे उभे राहिले. "दोन मिनिटं स्तब्धता."

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. टाचणी पडली नाही. दार उघडायला येताना ट्रायपॉडवरून काढलेला कॅमेरा माझ्या गळ्यात तसाच होता, त्याला नवरी. बोटांना काहीतरी धरायला हवं होतं, म्हणून मी बटणावर बोट ठेवलं. तेवढ्या दाबाने नवरीने फोकस शोधायला घेतला. घर्र्र... घर्र्र...

हेडमास्तरांनी एक डोळा उघडला. "मिक्सर कुणी लावलाय?"

"लेन्स आहे," मी पुटपुटले, आणि दचकून पुन्हा बटण दाबलं. घर्र्र! सोळापैकी एकाही परीक्षणात या आवाजाबद्दल अक्षर नव्हतं. तज्ज्ञांच्या घरी बहुधा कुणी स्तब्धता पाळत नसावं.

आणि तेवढ्यात दारात आई. हातात गाण्यांची वही. तीस-पस्तीस माणसं माना खाली घालून उभी. तिने सगळ्यांकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"कोण गेलं?"

सगळे हेडमास्तरांकडे बघू लागले. शेवटी वायरलेस काकूंनाच राहवलं नाही. "अहो, असं काय करता? तुमचे हे!"

"पुन्हा?" आई म्हणाली.

दंतवैद्यांचा रुग्ण कापसातून हुंदका देऊन रडू लागला. मी आईचे डोळे बघत होते. ते आतल्या खोलीच्या दाराकडे गेले. एक पाऊलही तिकडे पडलं.

घाईघाईने हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, आम्ही त्यांच्याविषयीच बोलत होतो. किती शांत, मितभाषी माणूस!"

आई थांबली. "मितभाषी? ते?"

"म्हणजे... जिन्यात भेटले की नुसते हसायचे."

"तुम्ही त्यांच्याकडून कोश नेलात ना, त्याचा दुसरा खंड आणून दिला नाहीत. नऊ वर्षं त्या एकाच गोष्टीबद्दल बोलत होते ते! मी ऐकत होते ना!" तिने वही टेबलावर ठेवली आणि सगळ्यांत जवळची खुर्ची ओढली. "बसा सगळे. आणि बोलायचंच असेल तर खरं बोला."

मग खरं सुरू झालं. बाबांनी दंतवैद्यांना कॅमेऱ्यासमोर हसायला सांगून दवाखान्याच्या पाटीसाठी फोटो काढला होता, आणि त्यात दंतवैद्यांचाच एक दात किडलेला दिसत होता. काकूंचे पासपोर्टचे फोटो तेरा वेळा काढले आणि तेराव्यांदा म्हणाले, "चूक कॅमेऱ्याची नाही." आई मध्येमध्ये दुरुस्ती करत होती. एकदा पदर डोळ्यांना लावला, पण उठली नाही.

"तू सारखी घड्याळात काय बघतेस?" तिने मला विचारलं.

"सहाच्या आत एक लेन्स परत करायचीय. ही जास्त स्पष्ट आहे. दुसरी गप्प आहे."

"मघाशी दळत होती ती हीच ना? मी गात असताना ती नको."

मी गळ्यातला कॅमेरा घट्ट धरला. उद्या ती गाणार का, आणि मी मागे उभी राहिलेली तिला चालेल का, दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिने एका वाक्यात देऊन टाकली होती.

"अगं, पळ आता! दुकान बंद होईल!"

मी पळाले. दुकानदार शटर अर्धं ओढून वाकून उभा होता. "कुठली ठेवलीत?"

"म्हातारी."

"शार्पनेस बघितलात ना?"

"आवाज बघितला," मी म्हटलं. त्याने माझं ओळखपत्र दोन्ही हातांनी परत दिलं.

सोमवारी मी सभागृहात अगदी मागे उभी राहिले. कुणाला त्रास नको म्हणून कॅमेऱ्याची स्क्रीन बंद ठेवली. फोकस एकदा लावला आणि पुन्हा हात लावला नाही. आई दुसऱ्या रांगेत, डावीकडून पहिली. ती गायली. त्याबद्दल मला जास्त काही लिहिता येणार नाही. दोनशे बारा फोटो काढले, आणि म्हातारीने हूं की चूं केलं नाही.

घरी येऊन दोघींनी फोटो उघडले. स्टेज धुक्यात. आई म्हणजे एक निळा डाग, शेजारच्या डागापेक्षा थोडा बुटका. आणि खाली कोपऱ्यात, माझ्यापुढे बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांचा उजवा कान. माझा एकदाच लावलेला फोकस त्या कानावर बसला होता; त्यावरची एकेक लव मोजता येत होती! दोनशे बाराच्या दोनशे बारा फोटोंत तोच कान.

आईने एकेक करून सगळे पाहिले. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

"नीट ऐकत होता का?" तिने शेवटी विचारलं.

"नीट म्हणजे? पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत. दोनशे बारा फोटोंत एकदाही हलला नाही बघ!"

आईने चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला आणि तो कान जवळून पाहिला.

"मग झोपला असणार."