सोनावणेभाऊंचा राक्षस

आमचे शेजारी सोनावणेभाऊ रोज सकाळी दात घासता घासता राक्षसासारखे हसत. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या चाळीत नवा भाडेकरू आला की पहिल्या सकाळी घाबरून दार उघडायचा. जुन्यांना मात्र त्या हसण्यावरून नळाला पाणी आल्याचं कळायचं.

भाऊ कारखान्यात फिटर. तरुणपणी जलशांत कामं केलेली, त्यामुळे साधं मीठ मागायला आले तरी दारात उभं राहून आधी घसा खाकरायचे. नव्वदनंतर एड्सची चर्चा सुरू झाली आणि बदलापूरच्या एका संस्थेने आदिवासी वाड्यांवर नाटुकली करायचं ठरवलं. भाऊंनी एड्सचा राक्षस मागून घेतला. पुठ्ठ्याची शिंगं, तोंडाला काजळ. ढोलकीला मी. खेळ संपला की भाऊ विचारायचे, "पब्लिक हललं का?" नाही म्हणायची माझी काय टाप होती?

जांभूळ गावाच्या पुढच्या ठाकरवाडीत तर पोरं रडली, बायका उठून गेल्या. भाऊ आठवडाभर हवेत होते.

महिन्याभराने संस्थेच्या ताईंबरोबर आम्ही पुन्हा त्या वाडीत गेलो. भाऊंनी एका म्हातारीला मुद्दाम विचारलं, "आजी, आमचा खेळ समजला का?"

"समजला तं. बेस समजला," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "आमचे सुनंला त्योच रोग हाय. त्यो राकीस तिचे आंगान हाय. म्हणून तिला गोठ्यान ठेवलीय. तांब्या पन निराळा दिला."

सुनेचं नाव गुलाब. नवरा त्याच आजाराने गेलेला. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही, असं ताईंनी परोपरीने सांगितलं. म्हातारी मान डोलवत राहिली, पण सून गोठ्यातच राहिली. परत येताना मला भाऊंची फार दया आली. घरी पोचल्यावर त्यांनी ती शिंगं बंबात घातली.

पुढच्या रविवारी त्याच वाडीत खेळ लावला. या वेळी राक्षसच नव्हता. भाऊ आजारी माणूस झाले, घोंगडी पांघरून अंगणात पडले आणि म्हणाले, "घोटभर पाणी द्या रे, बाबांनो." पुढचं वाक्यही त्यांचंच होतं, पण ते बोलेनात. विसरले असतील म्हणून मी ढोलकीवर थाप मारली, तर माझ्यावरच डोळे वटारले.

लोक एकमेकांकडे बघत बसले. कुणी उठेना. शेवटी गोठ्याकडून गुलाब आली, आपल्या त्या निराळ्या तांब्यात पाणी घेऊन. भाऊ उठून बसले. आपण दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी वरून पितो. भाऊंनी तांब्याला तोंड लावलं आणि सगळं पाणी प्यायले. मग रडायला लागले. नाटकातलं त्यांचं रडणं मला पाठ होतं, हे ते नव्हतं.

म्हातारी उठली. भाऊंच्या हातून तांब्या घेऊन घरात गेली, पाण्याच्या हंड्यात बुडवून भरला आणि दारातून सुनेला म्हणाली, "चल घरान. भाकर खा."