कड्यावरचे घर आणि पुकारेबापू

पुकारेबापूंचा मुलगा शंकर समुद्राच्या एका कड्यावरच्या दीपगृहात नोकरीला लागला, ती गोष्ट कापसाच्या हंगामातली. त्याच आठवड्यापासून बापूंनी मलकापुरात कोणाला रामराम घालणे बंद केले. रामरामाच्या जागी ते प्रश्न विचारू लागले. प्रश्न एकच होता आणि पुढली काही वर्षे तो बदलला नाही.

"समजा, समुद्राच्या कड्यावर घर हाय. मागचं दार उघडलं का खाली पाणी. फुकट भेटून राह्यलं. राहसान काय?"

बापूंचे खरे नाव गणपत. तहसील कचेरीत ते पुकाऱ्याच्या कामावर होते. दाराबाहेर उभे राहायचे आणि वादी-प्रतिवादीच्या नावाने हाक मारायची, एवढेच काम. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चाले, पण कचेरीची बोली त्याहून जुनी होती. हाजिर, जबानी, तारीख, साक्षी. आत काय चालले आहे ते बापूंना दाराबाहेर जेवढे ऐकू येई तेवढेच कळे. तेवढ्यावर त्यांनी कायदा शिकून घेतला होता. पुढे नोकरी संपली. आवाज तसाच राहिला. सकाळी ते ओट्यावर येऊन खाकरले की गल्लीच्या टोकाला बांधलेली म्हैस उठून उभी राहत असे.

मी त्यांच्या समोरच्या खोलीत राहत होतो. एका साप्ताहिकाला मलकापूरच्या बातम्या पाठवणे हे माझे काम. कापसाची आवक, सरकी काढायच्या जिनात लागलेली आग, साहेबाचा दौरा. बापूंचा प्रश्न ही बातमी नव्हती, त्यामुळे तो मी कधी पाठवला नाही.

शंकर आधी मलकापूर स्टेशनावर सिग्नलचे दिवे लावत असे. एका गोऱ्या अंमलदाराला त्याचे काम आवडले आणि त्याच्या शिफारशीने शंकर कोकणात दीपगृहावर गेला. गल्लीत बराच काळ असा समज होता की समुद्रातही रूळ टाकले आहेत आणि शंकर तिथल्या गाड्यांना दिवा दाखवतो. पहिल्या रजेवर आला तेव्हा त्याने हा समज दूर केला आणि बापूंना सांगितले, "बापू, तिथं दोन खोल्या हायेत. एक तुमची. चाला."

बापूंची बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. दुसरे मूल नव्हते. नाही म्हणायला कारण नव्हते, म्हणून बापूंनी नाही म्हटले नाही. होही म्हटले नाही.

"साक्षी व्हायच्या हायेत अजून," ते म्हणाले. "तारीख वाढव."

शंकरने तारीख वाढवली. दर रजेला तो येई, विचारी, आणि तारीख घेऊन परत जाई. मधल्या काळात बापू साक्षी घेत.

पहिली साक्ष झुंबरशेट अडत्याची झाली. झुंबरशेटने उलट तपासणी सुरू केली.

"तिथं कपाशी होते काय?"

"नाही."

"ज्वारी?"

"नाही."

"मंग लोक करतात काय?"

"समुद्र पाह्यतात."

"पाहून झाल्यावर?"

बापू निघून गेले. साक्षीदार उलटला, असे त्यांनी मला संध्याकाळी सांगितले.

हेडमास्तर पुण्याकडचे होते. त्यांनी समुद्र पाहिला होता. आपण आनंदाने राहू, असे सांगून ते सूर्यास्ताचे वर्णन करू लागले. बापूंनी हात वर केला. "जेवढं विचारलं तेवढंच बोला, मास्तर." मास्तरांनी नंतर शाळेत या माणसाच्या भाषेविषयी बरेच सांगितले.

इमाम टांगेवाला बापूंचा भिंतीला भिंत लागून शेजारी. त्याचा आक्षेप वेगळा होता.

"टांगा वळवाले जागा हाय काय?"

"नाही. वरपर्यंत पायीच जा लागते."

"जिथं टांगा वळत नाही तिथं माणसानं काऊन जावं?"

हा मुद्दा बापूंना एवढा पटला की ते दिवसभर तो इतरांना ऐकवत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो स्वतःच फेटाळला. "माणूस काय टांगा हाय बे?" ते भिंतीवरून ओरडले. इमाम तेव्हा घोड्याला दाणा घालत होता. त्याने कोणता टांगा, असे विचारले.

इमामची बायको सकीनाबी हिच्या कानी 'कड्यावर'चे 'कडेवर' झाले. "कडेवर?" ती म्हणाली. "घर काय लेकरू हाय, समुद्रानं कडेवर घ्याले?" बापूंनी दुरुस्ती सांगितली आणि प्रश्न पुन्हा विचारला. पुढच्या आठवड्यात परत विचारला. तेव्हा ती गोवऱ्या थापत होती. "बापू," ती म्हणाली, "आता विचारसान तं हे शेण तुमच्या समुद्रात जाईन."

सर्वांत जास्त घोटाळा झाला तो संग्रामपूरकडच्या एका शेतकऱ्यामुळे. तो कापूस विकायला आला होता. त्याने प्रश्न नीट ऐकून घेतला.

"पाणी कसं हाय तिथलं?"

"खारं."

"आमच्या इहिरीचंबी खारंच हाय. अन् हवा?"

"लय."

"आमच्याकडं तेबी नाही. राहीन."

"काऊन राहशीन?" बापू चिडले. "मागच्या दारातून पडून मरशीन."

"दार लावून घेईन ना बापू. फुकट हाय म्हणता."

पुढच्या बाजाराला तो बायकोला घेऊन आला. घर कधी मिळणार आणि चूल कोणत्या अंगाला आहे, हे तिला विचारायचे होते. ती दोघे दुपारपर्यंत बापूंच्या ओट्यावर बसून होती. शेवटी बापूंनी घरावर दुसऱ्याचा दावा लागल्याचे सांगून त्यांची समजूत काढली. बाईने जाताना दोन वांगी ठेवली, दावा उठला तर आठवण राहावी म्हणून.

माझीही जबानी झाली. पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, असे मी म्हटले. "मंग रद्द," बापू म्हणाले.

नाही म्हणणाऱ्याला ते घराचे फायदे सांगत आणि हो म्हणणाऱ्याला धोके. ते कोणत्या बाजूचे वकील आहेत हे कोणाला ठरवता आले नाही. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी वाट बदलून जाऊ लागले. नंतर त्याचाही कंटाळा आला आणि लोक पुन्हा सरळ रस्त्याने येऊ लागले. प्रश्न आला की चालता चालता हो किंवा नाही, जे तोंडात येई ते म्हणत. बापूही पूर्वीसारखे वाद घालत नसत. ऐकून घेत आणि पुढच्या माणसाकडे वळत. हाक मारणाऱ्याच्या आवाजाला हुंकार मिळाला की त्याचे काम झाले, तसे.

प्रश्न 'तुम्ही राहसान काय' असा होता. त्यामुळे प्रत्येकाने आपापले सांगितले. बापूंनी जावे की राहावे, यावर कोणाची जबानी झाली नाही.

मग एका थंडीत शंकर रजेवर आला आणि ओट्यावर उभा राहूनच बोलला. गल्लीने ते ऐकले, कारण आवाज त्याने बापाचाच घेतला होता.

"बापू, ही शेवटची तारीख. मी पुन्हा विचारणार नाही. तुमची सून म्हणते, बुढ्याले आपल्या घरचं अन्न नको हाय. मी तिले काय सांगू?"

"तसं नाही बे."

"मंग कसं हाय?"

बापूंनी समोर पाहिले. समोर मी होतो. मी खिडकीत दाढी करत होतो.

"येतो," बापू म्हणाले.

शंकरने तिकीट काढून दिले. त्याला मुंबईत दीपगृहाचे काही सामान घ्यायचे होते, म्हणून तो आधी गेला. बापूंनी चार दिवसांनी निघायचे, शंकरने त्यांना मुंबईच्या स्टेशनावर उतरवून घ्यायचे आणि तिथून दोघांनी आगबोटीने पुढे जायचे, असे ठरले.

ते चार दिवस बापू निरोप घेत फिरले. झुंबरशेट म्हणाला, "झकास झालं, बापू." मास्तरांनी हवा फार चांगली असल्याचे सांगितले. पानवाल्याने एक विडा तसाच दिला आणि "लेकाजवळ जाऊन राह्यले, नशीबवान हाय तुम्ही," असे म्हटले. मी सुखरूप पोचल्याचे कळवा म्हणून सांगितले. बापू प्रत्येकाकडे बोलणे संपल्यावरही थोडा वेळ थांबत. आणखी काही बोलणे नसे. मग ते पुढे जात.

निघायच्या दिवशी इमामने टांगा दारात लावला आणि घोड्याचा पट्टा आवळायला तो खाली वाकला. बापूंनी खोलीला कुलूप घातले, किल्ली सकीनाबीकडे दिली. ओट्यावर त्यांची पत्र्याची पेटी होती. ती उचलायला ते वाकले. पेटी जड होती. एक बाजू उचलली गेली आणि परत टेकली.

सकीनाबी दारातून बाहेर आली. तिचे हात पिठाचे होते.

"राहू द्या, बापू," ती म्हणाली.

बापू वाकलेलेच होते. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले.

"काय म्हटलं, सकीनाबी?"

"राहू द्या म्हटलं. ऐकू येत नाही काय?"

बापू हळूहळू सरळ झाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, आणि पेटीवर बसले.

इमाम पट्टा आवळून वर आला. "चाला बापू, गाडीचा टाइम झाला."

"सकीनाबीनं राहू द्या म्हटलं," बापू म्हणाले.

इमामने बायकोकडे पाहिले. तिने पिठाचे हात तसेच धरले होते. गाडीची शिट्टी ऐकू आली, तोपर्यंत बापूंनी तिच्याकडून किल्ली मागून घेतली होती आणि इमामने पेटी आत नेऊन ठेवली होती.

संध्याकाळी मी सकीनाबीला नेमके काय झाले ते विचारले. ती भाकरी थापत होती.

"म्या पेटीले म्हटलं, भाऊ," ती म्हणाली. "इमाम उचलणारच होता. बुढ्याची कंबर गेली असती फुकटची."

"मग तिथेच का नाही सांगितले?"

"कसं सांगू? तोंड पाह्यलं काय त्यायचं तुमी?" तिने भाकरी तव्यावर टाकली. "अन् तुमी कोणाजवळ बोलू नका."

शंकर दोन दिवसांनी उलट्या गाडीने आला. मुंबईच्या स्टेशनावर तो मलकापूरहून येणारी प्रत्येक गाडी बघत उभा होता. बापू वाटेत कुठे उतरले असतील, या भीतीने भुसावळलाही त्याने चौकशी केली होती. गल्लीत शिरला तेव्हा बापू ओट्यावर बसून तूर निवडत होते. शंकर त्यांच्यासमोर उभा राहिला.

"काऊन नाही आले?" त्याने विचारले.

"मी निघालो होतो. सकीनाबीनं राहू द्या म्हटलं."

शंकर तसाच शेजारच्या दारात गेला. इमाम घरीच होता. मीही बाहेर आलो होतो.

"चाची, तुमी माह्या बापाले राहा म्हटलं?"

इमामने तोंड उघडले. सकीनाबीने त्याच्याकडे एकदा पाहिले, आणि त्याने ते मिटले.

"हाव," ती म्हणाली. "म्या म्हटलं."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? इतकी वर्षं भिंतीच्या पलीकडून खाकरणं ऐकून राह्यलो आमी. सकाळी ते आलं नाही तं इमाम घोडं जुंपाचं विसरते. तुले राग आला असन तं मले बोल. त्यायले बोलू नको."

शंकर परत येऊन बापूंच्या बाजूला बसला. थोड्या वेळाने त्यानेही तुरीतले खडे वेचायला सुरुवात केली.

त्याची रजा संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो गेला. बापू त्याला पोचवायला स्टेशनापर्यंत गेले. सुनेसाठी त्यांनी तिळाचे लाडू दिले. जाताना दोघे टांग्यात मागे बसले होते. येताना इमामने बापूंना पुढे, आपल्या शेजारी बसवून आणले.