अनुपस्थित प्रेक्षकांसाठी राखीव

आमच्या गावात दर रविवारी दुपारी तीन वाजता सिनेमा असतो. तो गावाने गावासाठी चालवलेला आहे. चालवणारे सगळे स्वयंसेवक आहेत, म्हणजे कामाचा मोबदला कोणालाच मिळत नाही आणि चुकीबद्दल कोणालाच बोलता येत नाही. जागा दूध संघाच्या जुन्या गोदामाची. खिडक्यांना पोती लावली की अंधार होतो. चोपन्न खुर्च्या, नऊ-नऊच्या सहा रांगा. प्रोजेक्टर वायरमन चालवतो, तिकिटे शिंपीणबाई फाडतात, आणि अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर आहेत, कारण घंटा त्यांच्याकडे आहे.

मी पंप दुरुस्त करतो. खुर्च्या मांडण्याचे काम माझ्या बायकोचे होते. अकरा वर्षे तिने त्या मांडल्या. मांडून झाल्या की ती तिसऱ्या रांगेत भिंतीपासून दुसऱ्या खुर्चीवर बसायची आणि मी भिंतीकडच्या. सिनेमा सुरू झाला की पुढे काय होणार ते ती मोठ्याने सांगायची. "हा आता मरतो बघा." तो मरायचा. गावात तिला ट्रेलर म्हणत. मागून कोणी "शू" केले की ती "बरं बरं" म्हणायची आणि पाच मिनिटांनी पुढचे सांगायची.

फेब्रुवारीत ती गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी ती नव्हती. हे मात्र तिने आधी सांगितले नाही.

तिसऱ्या रविवारी मी सिनेमाला गेलो. घरात घड्याळाशिवाय कोणी बोलत नव्हते. माझ्या खुर्चीवर बसलो. शेजारची रिकामी होती. बेकरीवाला उशिरा आला आणि वाकून म्हणाला, "दादा, इथे कोणी आहे का?"

मी सवयीने म्हणालो, "आहे."

माझ्याकडून एवढेच झाले. पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले.

बेकरीवाल्याने पूर्ण सिनेमा मागे उभ्याने पाहिला आणि मध्यंतरात सर्वांना सांगितले. ज्यांनी तिला अकरा वर्षे "शू" केले होते त्यांनीही डोळे पुसले. सोमवारी समितीची तातडीची बैठक झाली. मला बोलावले.

"तुमची भावना आम्हाला समजते," हेडमास्तर म्हणाले. "पण भावनेला नियमाचा आधार नसला की तिची गैरसोय होते."

"सर, मी चुकून बोललो."

"चुकून का होईना, बोललात. आता त्याची नोंद झालीय."

ठराव झाला. ती खुर्ची 'अनुपस्थित प्रेक्षक' या वर्गात कायमची राखीव झाली आणि तिला पांढरी फीत बांधली गेली. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. तिच्या शेजारी बसता येईल अशी जगात एक जागा उरली होती, आणि ती समितीने लेखी दिली होती.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाल्याने वडिलांसाठी अर्ज केला. त्याचे वडील जन्मात कधी सिनेमाला आले नव्हते.

"यायचं होतं त्यांना," तो म्हणाला.

"कधी?" वायरमनने विचारले.

"नेहमीच. पण दुकान सोडवत नव्हतं."

मंजूर झाले. मग डॉक्टरांनी आईसाठी केला. मग शिंपीणबाईंनी नवऱ्यासाठी केला. त्यांचा नवरा धडधाकट आहे, फक्त सहा वर्षांपासून शहरात दुसऱ्या घरी राहतो.

"बाई, पण तो मेला कुठे?" वायरमन म्हणाला.

"ठरावात शब्द काय आहे? अनुपस्थित. मेला असं लिहिलंय का?"

अध्यक्षांनी ठराव दोनदा वाचला. लिहिले नव्हते. नवऱ्याला फोन करून कळवण्यात आले. त्याने पंख्याखालची मागितली.

अर्ज वाढले, तशी कोणाचे अनुपस्थित पुढे बसणार यावरून भांडणे वाढली. त्यासाठी शोक श्रेणी उपसमिती नेमली गेली. तिघे स्वयंसेवक बिल्ले लावून घरोघर जाऊन दुःखाची पाहणी करू लागले. वाणी त्यांना पाहताच दारात कोसळला. त्याच्या काकांना पहिली रांग मिळाली. माझ्याकडे ते आले तेव्हा मी जेवत होतो. त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि तक्त्यात लिहिले, 'भूक: समाधानकारक.' माझ्या बायकोला तिसऱ्या रांगेतून पाचव्या रांगेत हलवण्यात आले.

संध्याकाळी मेहुणी आली. ती शेजारच्याच गल्लीत राहते.

"भाऊजी, ते येणार हे माहीत असताना जेवायला बसलात?"

"भूक लागली होती."

"मग ताट झाकून तरी ठेवायचं. ताईला पाचव्या रांगेत बसवलंत तुम्ही. तिथून तिला काय दिसणार?"

मी म्हणालो, "दिसायची गरज नव्हती तिला कधी." मेहुणीला ते आवडले नाही. उपसमितीला कळले असते तर सहावी रांग झाली असती.

पाचव्या रांगेतही मी भिंतीकडे बसत होतो आणि शेजारी तिची खुर्ची होती, म्हणून मी तक्रार केली नाही. पण एप्रिलमध्ये कोणाचे तरी कोपर अंधारात डॉक्टरांच्या आईच्या खुर्चीला लागले. डॉक्टरांनी लेखी हरकत घेतली. समितीने नियम केला की प्रत्येक अनुपस्थिताच्या दोन्ही बाजूंची एकेक खुर्ची सन्मानार्थ रिकामी राहील. दोघांत मिळून एक सन्मान चालेल का, असे वायरमनने विचारले. एका सन्मानात दोन माणसे बसवायला ही काय बस आहे, असे शिंपीणबाई म्हणाल्या.

माझी खुर्ची गेली. मी अध्यक्षांकडे गेलो.

"सर, मला दुसरं काही नको. तिच्या शेजारी बसू द्या."

"अहो, तिच्या शेजारी आता तिचा सन्मान बसतो."

मे महिन्यात अठरा अनुपस्थित आणि छत्तीस सन्मान मिळून चोपन्न खुर्च्या भरल्या. दारावर हाउसफुलची पाटी लागली. प्रतीक्षा यादी सुरू झाली. काही जिवंत माणसांनी दूरदृष्टीने स्वतःचीच नावे घातली.

जे अजून मेले नव्हते ते लोक बाहेरून पोती वर करून पाहू लागले. उजेडाने आतल्यांचा रसभंग होतो म्हणून पोती खिळ्यांनी ठोकण्यात आली. आत यायचे तर स्वयंसेवक होणे हा एकच मार्ग उरला. त्यामुळे अकरा स्वयंसेवकांचे चौतीस झाले. ते बॅटरीच्या उजेडात रिकाम्या जागेला वाट दाखवत, खुर्ची पुसत, तिकीट फाडून अर्धे तिथे ठेवत. मीही बिल्ला मागितला. नातेवाइकाला त्याच रांगेत काम देता येत नाही, हितसंबंध येतात, म्हणून मला बाहेर सायकली बघायला उभे केले.

वरच्या कार्यालयातून पाहणीला साहेब आले. त्यांनी दोन तास दारात उभे राहून निरीक्षण केले. शिटी नाही, फोन नाही, कुजबूज नाही, मध्येच उठून जाणे नाही. "इतका सुजाण प्रेक्षक मी कुठेच पाहिला नाही," असे त्यांनी शेऱ्यात लिहिले. गावाला आदर्श सिनेमागृहाचे मानपत्र मिळाले. ते लावायला भिंतीवर जागा होती.

मग सिनेमाच्या निवडीचा प्रश्न आला. प्रेक्षकांची आवड लक्षात घ्यावी हे सर्वांना मान्य होते. बेकरीवाला म्हणाला, वडिलांना गाणी खपत नाहीत. गाणी काढली. डॉक्टरांच्या आईला मारामारी बघवत नाही. मारामाऱ्या काढल्या. शिंपीणबाईंच्या नवऱ्याने शहरातून कळवले की रडणाऱ्या बायका नकोत. त्या काढल्यावर गोष्टच संपली. शेवटी वायरमन प्रोजेक्टर नुसताच चालू ठेवू लागला. दोन तास पांढरा पडदा. अठराच्या अठरा कुटुंबांची त्याला पसंती मिळाली.

"काका, पहिल्यांदाच कुणी आवाज वाढव म्हणून ओरडलं नाही," वायरमन मला म्हणाला. तो हसत नव्हता.

मला पांढरा पडदाही चालला असता. तिची खुर्ची तिथे होती. मी विचार केला, शेजारी बसता येत नाही तर निदान तिच्याच खुर्चीवर बसावे. आरक्षण मीच मिळवले आहे, मीच सोडतो. अध्यक्षांना आनंद झाला, कारण रद्द करण्याचा नमुना छापून तयार होता आणि तोपर्यंत कोणी वापरला नव्हता.

"कारण काय लिहू?" त्यांनी विचारले.

"मला बसायचंय."

"बसणं हे कारण होत नाही. आरक्षण कशावर दिलं? शोकावर. शोक संपला की आरक्षण संपतं. इथे छापलंयच, वाचा."

मी वाचले. 'माझे दुःख दिनांक अमुक रोजी संपले असून मला आता त्याची आवश्यकता नाही.'

"आणि संपलं नसेल तर, सर?"

"मग खुर्ची त्यांची. दुःखही ठेवायचं आणि खुर्चीही घ्यायची, असं कसं चालेल? बाकीच्यांनी काय करायचं?"

कागद घरी आणला. दोन दिवस तो तांब्याखाली ठेवला होता. मग सही केली. खुर्चीवर बसता येते, कागदावर नाही. तारीख येत्या रविवारची घातली, म्हणजे मधले चार दिवस हातात राहिले.

खाली साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या, दुःख खरोखर संपल्याचे स्वतः पाहणाऱ्या दोघांच्या. मला वाटले, इथेच अडणार. असे कोण लिहून देईल?

बेकरीवाल्याने माझे बोलणे पुरे व्हायच्या आत सही केली. "अहो, परवा पंप खोलताना तुम्ही शीळ घालत होता. मी ऐकलं."

मेहुणीने कागद वाचला, पेन घेतले, पुन्हा वाचला. "चार महिन्यांत संपलं, भाऊजी? लोक वर्षभर तरी कळ काढतात." तिने सही केली आणि पेन माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवले.

दोन सह्या झाल्या होत्या, तरी दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर रांग लागली. बायको गेली तेव्हा जे भेटायला आले नव्हते तेही सही करायला आले. कोणी मला हॉटेलात चहा पिताना पाहिले होते, कोणी नवी चप्पल पाहिली होती. फक्त वायरमनने हात मागे घेतला.

"मी नाही करणार, काका."

"का रे?"

"मला माहीत नाही ना, संपलं का ते."

कागद घेऊन अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी सह्या मोजल्या आणि मान हलवली. सगळे साक्षीदार गावातले. ओळखीचा माणूस भिडेने सही करतो. एक त्रयस्थ हवा, ज्याने अर्जदाराला कधी पाहिलेले नाही. त्याला कळावे म्हणून घडले ते पहिल्यापासून लिहून सोबत जोडा, म्हणाले. वाचून त्याला रडू आले तर अर्ज बाद. हसू आले तर दुःख संपले असे धरायला समितीची हरकत नाही.

ते लिहिले. तुम्ही आत्ता वाचले ते तेच.

तुम्ही कुठे कुठे हसलात ते मला माहीत नाही. पण मध्येच सोडून गेला नाहीत, तेव्हा हसला असणार. हसलात त्या ओळीखाली रेघ मारा आणि शेवटी सही करा. नाव सुवाच्य लिहा. रविवार परवा आहे.